सेकंडहँड लॅपटॉप स्लो आहे? क्लीनर शोधण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऑफिसमधून निघालेला लॅपटॉप सेकंडहँड घेतला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, ब्राउझर उघडला की पंखा भणभणायला लागतो, आधीच्या माणसाचे प्रोग्रॅम अजून तसेच पडलेत. दोन क्लीनर सॉफ्टवेअर चालवली, दोघांनीही शेकडो ‘एरर’ दुरुस्त केल्याचं सांगितलं, पण फरक शून्य. तर चांगला क्लीनर कोणता, आणि रॅम वाढवून भागेल का?

यात दोन दुखणी एकत्र आली आहेत. एक म्हणजे मशीन स्लो आहे. दुसरं, मशीन तुमचं झालं तरी आतला संसार दुसऱ्याचा आहे. त्यात काय काय टाकलेलं आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि एकेक प्रोग्रॅम काढत बसलात तरी पूर्ण खात्री कधीच होणार नाही. पहिल्याचा इलाज बहुतेक वेळा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन होतो, दुसऱ्याचा विंडोज नव्याने टाकून. क्लीनर या दोन्हींतलं काहीच करत नाही.

त्या ‘एरर’चं आधी सांगतो. त्या बहुतांशी रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी असतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आणि प्रोग्रॅमची सेटिंग्ज ठेवायची जागा. तिथे लाखो नोंदी असतात. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या काही नोंदी मागे राहतात हे खरं, पण विंडोज ती रजिस्ट्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट गाठतं. त्यामुळे बेवारस नोंदी पुसून वेळ वाचत नाही. कामाची नोंद पुसली गेली तर मात्र एखादा प्रोग्रॅम किंवा विंडोजच उघडेनासं होतं. टेम्पररी फाइल्स पुसल्याने जागा मोकळी होते, आणि सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर त्याचा फायदाही दिसतो; पण ते काम विंडोजच्या स्टोरेज सेटिंगमधून फुकटात होतं. वर हे क्लीनर स्वतःच विंडोजबरोबर चालू होऊन मागे बसून राहतात. दोन्ही काढून टाका.

आता मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघू. लॅपटॉप चालू करा, डेस्कटॉप दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खालचं ‘मोअर डिटेल्स’ दाबा. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असे रकाने दिसतील. दुसरं काहीही न उघडता दहा मिनिटं हे तीन आकडे बघत बसा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो.

तुमच्यासारख्या मशीनवर मला बहुतेक वेळा दिसतं ते असं : सीपीयू २०-३० टक्के, मेमरी ७०-८० टक्के, आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली. गंमत पुढे आहे. त्याच वेळी ‘परफॉर्मन्स’च्या टॅबवर डिस्क निवडून ती प्रत्यक्ष किती वाचतेय ते पाहिलं तर आकडा असतो सेकंदाला एक-दोन एमबी. ज्या डिस्कवरून मोठा व्हिडिओ कॉपी करताना सेकंदाला शंभरेक एमबी सहज निघतात, ती एक-दोन एमबीतच धापा टाकते. असं का होतं हे कळलं की पैसे कुठे घालायचे ते वेगळं सांगावं लागत नाही.

लॅपटॉपमधल्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक धरणारा दांडा योग्य जागी सरकायला हवा. त्याचे आणखी दहा-बारा. म्हणजे दरवेळी नव्या जागेवरून एक तुकडा आणायला १५ ते १८ मिलिसेकंद जातात, आणि सेकंदाला जेमतेम साठेक तुकडे होतात. तुकडा ४ केबीचा धरला तर साठ तुकड्यांचे २४० केबी. प्रत्यक्षात काही तुकडे मोठे असतात, काही शेजारीशेजारी सापडतात, म्हणून एक-दोन एमबी तरी दिसतात. व्हिडिओ डिस्कवर बराचसा सलग पडलेला असतो, दांड्याला धावपळ नसते, म्हणून तो भराभर निघतो. विंडोज चालू होताना मात्र हजारो बारीक फाइल्स इकडूनतिकडून लागतात, आणि नेमकं तेव्हाच अँटिव्हायरस, अपडेट, सर्चची यादी बनवणारा प्रोग्रॅम असे सगळे त्याच एका दांड्याला आपापल्या बाजूला ओढतात. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो.

एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. कुठलाही तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे पटींचा फरक. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात तो ‘सेकंदाला ५०० एमबी’ वगैरे सलग वाचनाचा वेग असतो. जुन्या मशीनमध्ये जीव येतो तो त्याने नाही, या ०.१ मिलिसेकंदाने येतो, आणि तो साध्यातल्या साध्या पण धड कंपनीच्या एसएसडीतही मिळतो. म्हणून महागड्या मॉडेलच्या मागे लागू नका. २४०-२५६ जीबी बहुतेकांना पुरते. तुमच्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा (डिस्क जोडायची जुनी, नेहमीची पद्धत) डिस्क असणार, त्याच जागी त्याच मापाची एसएसडी बसते. ती ७ मिलिमीटर जाड असते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर नवी आत हलू नये म्हणून प्लास्टिकची पातळ फ्रेम लावावी लागते, बस. त्या पिढीच्या काही लॅपटॉपमध्ये एम.२ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाचही असते, पण तीत साटा चालते की एनव्हीएमई (जोडायची नवी पद्धत) हे मॉडेलप्रमाणे बदलतं. घ्यायच्या आधी सर्व्हिस मॅन्युअल बघा.

त्याआधी जुन्या डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींचे (डिस्कवरच्या बिघडलेल्या आणि संशयित जागांचे) शेवटचे आकडे शून्य असायला हवेत. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर डिस्क काही जागा वाचायला धडपडतेय. स्लो होण्याचं तेच कारण असू शकतं, आणि त्या डिस्कवर तुमचं काही असेल तर ते आजच बाहेर काढा. तिथेच ‘पॉवर ऑन अवर्स’ दिसतात. ‘फारसा वापरलेला नाही’ म्हणून विकलेल्या मशीनवर तिथे वीस हजार तास निघाले तर मला आता नवल वाटत नाही. ऑफिसची मशीन दिवसभर चालूच असतात.

रॅमचं उत्तर ‘हो, पण आधी नाही’ असं आहे. ४ जीबीतले दोनेक जीबी विंडोज आणि त्याचे सोबती घेतात, उरलेल्यात ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की संपलं. रॅम संपली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर ठेवायला लागतं, आणि डिस्क हार्ड डिस्क असेल तर पुन्हा तोच दांडा. म्हणजे डिस्क १०० टक्के दिसण्यामागे कधीकधी रॅमचीच टंचाई असते. दोन्ही करता आलं तर उत्तम : एसएसडी आणि ८ जीबी. एकच करायचं असेल तर मी एसएसडी आधी सांगतो, कारण रॅम वाढवली तरी मशीन चालू होणं आणि प्रोग्रॅम उघडणं स्लोच राहतं. एसएसडी टाकली तर रॅमची टंचाईसुद्धा कमी टोचते. तुमचं कामच वीस टॅब उघडे ठेवून चालत असेल तर मात्र रॅमवाचून सुटका नाही.

रॅम घेताना घोटाळा होतो तो प्रकारात. सहाव्या पिढीत डीडीआर-३एल आणि डीडीआर-४ दोन्ही आढळतात. एकीची खाच दुसरीला जुळत नाही, त्यामुळे अंदाजाने आणलेली परत जाते. सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबवर प्रकार लिहिलेला असतो. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे विषय संपला. आणि सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम टाइप’ ३२ बिट आहे का तेही बघा. ३२ बिट विंडोज ४ जीबीसुद्धा पूर्ण वापरू शकत नाही. तसं असेल तर ६४ बिट टाकल्याशिवाय वाढवलेली रॅम नुसती बसून राहील. रॅम जुन्या बाजारातून घेतलीत तर मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवून एक पूर्ण फेरी होऊ द्या; खराब रॅम मशीन स्लो करत नाही, मधूनच निळा स्क्रीन देऊन छळते.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच १०० टक्के दिसला तर वेगळा मामला. रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून कोण खातंय ते बघा. कोरं विंडोज पहिल्या दिवशी अपडेटमध्ये गुंतलेलं असतं, त्याला रात्रभर चालू ठेवा. पण परफॉर्मन्स टॅबवर प्रोसेसरचा वेग १ गिगाहर्ट्झच्याही खाली पडलेला दिसला, तर प्रोसेसर कामाने थकलेला नाही, तो गरम होऊन स्वतःला आवरतोय. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जर ओळखला गेला नाही तरी असंच होतं, आणि सेकंडहँड मशीनसोबत भलताच चार्जर मिळणं नेहमीचं आहे. चालू होताना चार्जरबद्दल काही इशारा येतो का, बघा.

पंखा ओरडतो म्हणालात, म्हणजे धूळ असणारच. ती बाहेरून दिसत नाही. मागचं झाकण उघडून पंख्याचं कव्हर काढलं की पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्यांच्या मधे, हवा बाहेर पडते नेमकं तिथे, धुळीचा थर सापडतो. जाड कापडाचा तुकडा निघावा तसा तो चिमट्याने सलग सोलून निघतो. बाहेरच्या जाळीतून फुंकणी मारली तर हाच थर आत ढकलला जातो, म्हणून उघडूनच साफ करावं. चार्जर काढा, बॅटरीची वायर सुटी करा, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. इतक्या वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून कडक झालेली असते, तीही बदला. उघडलंच आहे तर बॅटरी फुगलीय का पाहा. टचपॅड वर आलाय किंवा क्लिक होत नाही, अशी लक्षणं असतील तर ती बॅटरी न दाबता, न टोचता काढून ठेवा. लॅपटॉप चार्जरवर तिच्याशिवायही बहुधा चालतो.

आता थोडं मागे येतो, कारण हे सगळं घ्यायच्या आधी करायची एक तपासणी आहे. ऑफिसमधून निघालेलं मशीन खरोखर मोकळं झालंय का? लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जा. कंपनीप्रमाणे एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबावं लागतं. तिथे ॲडमिन पासवर्ड मागितला तर तो विकणाऱ्याकडूनच मिळवायला हवा. बोर्डावरची छोटी बॅटरी काढून ठेवली की पासवर्ड जातो, हे ऑफिसच्या लॅपटॉपच्या बाबतीत सहसा खरं ठरत नाही. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. तिथे कुठल्या संस्थेचं नाव दिसत असेल, किंवा नवं विंडोज टाकताना इंटरनेट जोडताक्षणी एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर ते मशीन अजून त्यांच्या नावावर नोंदलेलं आहे. कितीही वेळा फॉरमॅट मारा, ते पुन्हा तिथेच येणार. ती नोंद फक्त ती संस्थाच काढू शकते. असं निघालं तर एक पैसाही न घालता मशीन परत करा.

हे ठीक असेल तर विंडोज कोरं टाका. आधीच्या माणसाच्या विंडोजमध्ये मशीन दुरून चालवू देणारे अनोळखी रिमोटचे प्रोग्रॅम, साठवलेले पासवर्ड, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, कधीकधी क्रॅक करणारी (लायसन्स चुकवणारी) साधनं असतात. अशा मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करणार आहात. एसएसडी विकणारे ‘जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करून देतो’ म्हणतात. तुमच्या बाबतीत नको म्हणा, नाहीतर तोच कचरा नव्या डिस्कवर अधिक वेगाने पळेल.

टाकण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडून तिथे काय लिहिलंय ते टिपून ठेवा. ‘डिजिटल लायसन्स’ असं असेल तर काळजी नाही. ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली तरी टिकतं. विंडोज टाकताना ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की (लायसन्सचा क्रमांक) नाही’ हा पर्याय निवडायचा आणि आवृत्ती तीच ठेवायची, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. ‘ऑर्गनायझेशन’च्या सेवेने ॲक्टिव्हेट झाल्याचं लिहिलं असेल तर ते लायसन्स ऑफिसचं होतं किंवा कुणी क्रॅक मारलाय. अशा वेळीही लॅपटॉप मुळात विंडोजसकट विकला गेला असेल तर त्याची की बऱ्याचदा बायोसमध्येच असते, आणि योग्य आवृत्ती टाकली की ती आपोआप उचलली जाते. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरे. तो भरवशाच्या दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा, या लॅपटॉपवर नको.

मात्र इथे एक अडचण आहे आणि ती तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. विंडोज १०चा आधार (सपोर्ट, म्हणजे नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची प्रोसेसर लागतात, तुमचा सहाव्याचा. म्हणजे अधिकृतरीत्या ते तुमच्यासाठी नाही. अट चुकवून टाकायच्या युक्त्या आहेत, पण पुढचे अपडेट येत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर मी तसं करत नाही. वैयक्तिक वापरासाठी विंडोज १०ला सुरक्षा अपडेटची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेली आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते. फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचा डोंगल तुम्हाला लागत असेल तर तूर्त हाच रस्ता.

तुमचं काम ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ, पत्रं लिहिणं एवढंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे : विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, तिची एक्सएफसीई नावाची आवृत्ती. ती अशा जुन्या मशीनवर हलकी चालते, मिंट २२ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि मांडणी विंडोजच्या सवयीच्या माणसाला चटकन कळते. पेनड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येते. वायफाय, आवाज, तुमचा प्रिंटर चालतो का ते तसंच तपासा. पेनड्राइव्हवरून ती संथ वाटेल, त्यावरून वेगाचा निवाडा करू नका.

विंडोज टाकलंत तर पुढचं काम थोडंच आहे. ड्रायव्हर (वायफाय, आवाज वगैरे भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारे प्रोग्रॅम) विंडोज अपडेटमधून, नाहीतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे प्रोग्रॅम क्लीनरचेच भाऊबंद. अँटिव्हायरस म्हणून विंडोजमधला डिफेंडर पुरतो, दुसरा चढवला की स्लोपणा परत आला म्हणून समजा. स्टार्टअपच्या यादीतून नको ते बंद ठेवा. एसएसडी डीफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) करू नका, तिची देखभाल विंडोज स्वतः करतं. चालू केल्यावर दरवेळी तारीख मागे जात असेल आणि सगळ्या साइट सुरक्षित नसल्याचे इशारे येत असतील तर व्हायरस शोधू नका. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपलीय, ती बदला. काही मॉडेलमध्ये ती वायरला जोडलेली असते, तेव्हा उघडून बघूनच आणा.

काढलेल्या जुन्या डिस्कवर आधीच्या माणसाच्या फाइल्स असतील. त्या चाळू नका. डिस्क यूएसबी केसमध्ये घालून तिच्यावरचे सगळे पार्टिशन उडवा, आणि नवं पार्टिशन करून पूर्ण फॉरमॅट मारा, ‘क्विक’ची खूण काढून, त्यात सगळीकडे शून्य लिहिली जातात आणि ५०० जीबीला काही तास लागतात. नंतर क्रिस्टलडिस्कइन्फोचे ते दोन आकडे अजून शून्य असतील तर डिस्क सिनेमे-गाणी ठेवायला वापरा. फोटोंची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका.

टास्क मॅनेजरमधले तीन आकडे आणि लॅपटॉपचा मॉडेल नंबर कळवा. डिस्कऐवजी सीपीयूच शंभरावर असेल तर मी वर सांगितलेली खरेदी थांबवून आधी पंखा आणि चार्जर बघायला सांगेन.